काही नाही, घरीच असते

पिंपळे सौदागरमधल्या एका सोसायटीच्या फाटकाशी तुम्ही उभे आहात. वॉचमनकाका रजिस्टर पुढे सरकवतात. नाव, मोबाइल, फ्लॅट, येण्याचं कारण, आत, बाहेर. ‘कारण’च्या रकान्यात तुमच्या वरच्या ओळी वाचा : कुरिअर, पाहुणे, कुरिअर, प्लंबर, दूध, कुरिअर. तुम्ही लिहिता, ‘सर्व्हे’. काका चष्म्यावरून बघतात. ‘‘कशाचा?’’

समाजशास्त्राच्या एम.ए.चा प्रकल्प आहे, पिशवीत चाळीस कोरे फॉर्म आहेत, हे सगळं कोण सांगत बसणार? ‘‘कॉलेजचा,’’ म्हणून तुम्ही सुटका करून घेता.

आठव्या मजल्यावरचं दार दहावी-अकरावीतला मुलगा उघडतो. घरात माणसं किती, शिक्षण काय, वडील काय करतात, सगळी उत्तरं भराभर मिळतात. आई काय करते? ‘‘काही नाही, घरीच असते.’’ त्याच्या पाठीमागे हॉलमध्ये सतरंजीवर सहा-सात मुलं बसलीत आणि एक बाई त्यांच्याकडून सतराचा पाढा म्हणवून घेतेय. दारातल्या चपला मोजल्या तरी कळेल की एवढी मुलं या घरची नाहीत. पण फॉर्मवरची चौकट छापील आहे. तुम्ही ‘गृहिणी’वर खूण करता.

पाठ्यपुस्तकात याला ‘तथ्यसंकलन’ म्हणतात. जणू अंगणात पारिजातकाचा सडा पडलाय आणि तुम्ही परडी घेऊन आलात. तो फॉर्म हातात तसाच धरून ठेवा. आता इमारत उतरवायची आहे. आठवा मजला काढा, सातवा काढा, पार्किंग काढा, रस्ता काढा. पवना नदी तेवढी राहू द्या, ती तेव्हाही इथंच होती.

१७ फेब्रुवारी १८८१. रात्र. हातात कंदील आहे आणि पुढे खानेसुमारीचा गणक चालतोय, गावातलाच, लिहिता येणारा. घरोघरची यादी त्यानं आधीच करून ठेवलीय. आज रात्री साऱ्या हिंदुस्थानात एकाच वेळी ती ताडून पाहायची आहे : कोण आलं, कोण गेलं, कोण मेलं, कोण जन्मलं. या खंडप्राय देशात अशी एका रात्रीची गणती पहिल्यांदाच होतेय. दहा वर्षांपूर्वीची वेगवेगळ्या प्रांतांत वेगवेगळ्या वेळी झाली होती.

ओसरीवर एक म्हातारा. वय? ‘‘खडकीची लढाई झाली त्या साली मी झालो.’’ तुम्हाला १८१७ पाठ आहे, तुम्ही मनात त्रेसष्ट म्हणता. गणक ‘६०’ लिहितो आणि पुढे जातो. पोराचं वय? ‘‘मोठ्या दुष्काळात अंगावर पीत होता.’’ गणक ‘५’ लिहितो. असे गोल आकडे तुम्हाला पुढं प्रत्येक जनगणनेत भेटतील. शून्य आणि पाच यांच्यावर माणसांची गर्दी, आणि आजूबाजूच्या वयांत शुकशुकाट. साठ वर्षांची माणसं खूप आणि एकसष्टची जवळजवळ नाहीतच, असं कुठल्या गावात घडतं? संख्याशास्त्रज्ञ नंतर ती गर्दी पांगवतात, त्यासाठी त्यांच्याकडे सूत्रं आहेत. म्हाताऱ्याचं दुखणं तुम्हा-आम्हासारखंच. त्याला साल माहीत नाही, प्रसंग माहीत आहे.

पुढच्या घरी नवरा बाहेरगावी गेलाय. बाई दाराआड. ‘‘नवऱ्याचं नाव?’’ ती पदर पुढं ओढते. नाव ती घेणार नाही, हे गणकालाही ठाऊक आहे. त्यानं विचारलं ते रिवाज म्हणून. शेजारचं पोर ओट्यावरून नाव ओरडतं आणि गणक ते टिपतो. ‘‘धंदा?’’ ‘‘शेती.’’ ‘‘तुझा?’’ ती काही बोलायच्या आत शेजारचाच कुणी म्हणतो, ‘‘तिचा काय, घरची कामं.’’ लेखणी पुढे सरकते.

आठव्या मजल्यावरचं उत्तर इथून निघालंय असं मला म्हणायचं नाही. पण बाईच्या वतीनं दुसऱ्या कुणी उत्तर द्यायचं, ही पद्धत तुम्ही आत्ता पाहिलीत.

खानेसुमारीचं बळ म्हणजे ती कुणाला सोडत नाही. आणि कुणापाशी थांबत नाही, ही तिची मर्यादा. जातीचा रकाना तर पुढे वेगळंच रामायण घडवतो. १९०१ मध्ये जनगणना आयुक्त रिस्ले यांनी जाती समाजातल्या मानाप्रमाणे उतरंडीनं लावायचं ठरवलं, आणि देशभरातून अर्जांचा पाऊस पडला : आमची जात वरच्या पायरीवर घ्या. मालवणात जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र उभं करणारे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी पुढे यावर कडक लिहिलं. मोजायला गेलेल्या सरकारनं मोजमापानंच जातींना धार लावली, असा त्यांचा रोख होता. सगळ्या जातींची अशी मोजणी १९३१ मध्ये झाली, त्यानंतर कित्येक दशकं झालीच नाही. मोजणी हा समाजातलाच एक प्रसंग असतो. ती ताऱ्यांवरून दुर्बीण फिरवण्यासारखी नाही. तारे दुर्बिणीकडे अर्ज पाठवत नाहीत.

आता १८८१ च्या त्या रात्रीपासून चौतीस-पस्तीस वर्षं पुढं या. गाव तेच.

१९१५. तुम्ही आता पुण्याच्या शेतकी कॉलेजातल्या मंडळींपैकी एक आहात. कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ, आधी चहाच्या मळ्यांवर काम केलेले. इंग्लंडमधल्या रिजमाँट नावाच्या खेड्यात घरोघर फिरून त्यांनी तिथल्या गरिबीचा अभ्यास केला होता, यॉर्क शहरात राउनट्रीनं केला होता त्या धर्तीवर. तीच नजर ते दख्खनच्या एका गावावर रोखतात, आणि ते गाव म्हणजे पिंपळे सौदागर. सोबत सहस्रबुद्धे, कानिटकर यांच्यासारखे मराठी सहकारी. माती तपासायची, विहिरी बघायच्या, शेताचा एकेक तुकडा नकाशावर चढवायचा, आणि मग घराघरात शिरून विचारायचं : येतं किती, जातं किती, देणं किती?

इथं जरा बसा, घाई नाही. घोंगडी अंथरलीय. घरधनी तुमच्याकडे न बघता तुमच्या वहीकडे बघतो.

‘‘रावसाहेब, ह्ये लिवल्यावर सारा वाढनार न्हाई न्हवं?’’

सारा वाढणार नाही म्हणून तुम्ही सांगता. त्याचा विश्वास बसत नाही, आणि का बसावा? वही घेऊन आलेला माणूस आजवर एक तर साऱ्यासाठी आलाय, नाही तर वसुलीसाठी. चाळीस वर्षांपूर्वी, १२ मे १८७५ ला, याच जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला तेव्हा त्यांनी धान्यापेक्षाही आधी कागद मागितले होते, खतं आणि रोखे, आणि ते जाळले. आजच्या भाषेत डेटा नष्ट केला. या मुलखात कागदाला माणूस उगीच घाबरत नाही.

‘‘कर्ज किती?’’ तो एक आकडा सांगतो. आतून, चुलीपाशी बसलेली त्याची बायको म्हणते, ‘‘आन् थोरलीच्या लग्नाचं?’’ तो खाकरतो, आकडा वाढतो. संध्याकाळी सावकाराची खातेवही बघायला मिळाली तर तिथं तिसराच आकडा असेल. व्याजावर व्याज चढलेलं, आणि मधे दिलेली जोंधळ्याची दोन पोती कुठंच नाहीत. यातला खरा कुठला? समाजशास्त्राच्या तासाला सांगतात की वेगवेगळ्या साधनांनी मिळालेली माहिती एकमेकींवर घासून बघावी. घासून बघा, पण तिन्ही आकडे वहीत ठेवा. फक्त मधला ठेवून बाकीचे खोडलेत तर नवऱ्याचं खाकरणं हरवेल, आणि माझ्या मते या घरातली सगळ्यात मोलाची माहिती त्या खाकरण्यात होती.

मॅनसाहेबांचं पुस्तक १९१७ मध्ये निघेल, मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्रीय ग्रंथमालेतलं पहिलंच. गावात जमीनधारक १५६, आणि त्यांच्या जमिनीचे तुकडे सातशेच्या वर. त्यातले ४६३ तुकडे एकरापेक्षा लहान. कुटुंबं १०३. त्यांची तीन गटांत विभागणी केलीय. नुसत्या शेतीवर धड उभी असलेली कुटुंबं आठ. बाहेरच्या मजुरीची जोड दिली की तग धरणारी २८. जोड देऊनही न भागणारी ६७. बाहेरची मजुरी म्हणजे काय ते तुम्ही पहाटे पाहिलंत : भाकरी फडक्यात बांधून माणसं खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्याकडे चालली होती.

आठ, अठ्ठावीस, सदुसष्ट. पुण्याच्या सुखवस्तू वाचकाला हादरवायला हे तीन आकडे पुरेसे होते. ‘शेतकरी आळशी म्हणून गरीब’ हे जे ओसरीवर बसून म्हटलं जायचं, ते यानंतर म्हणणं अवघड झालं. संख्यात्मक अभ्यासाचा हा पराक्रम मान्य करायलाच हवा. गोष्टी ऐकून लोक हळहळतात, पण वाद घालायचं सोडत नाहीत.

पण मॅनना आणखी एक हवं होतं. हे गाव पहिल्यापासून असंच आहे का? हे घोंगडीवर बसून कळत नाही. म्हाताऱ्याला विचाराल तर तो म्हणेल, पूर्वी जमीन उदंड होती. सगळे म्हातारे तेच म्हणतात. म्हणून तुम्ही आता जुन्या दप्तरापाशी जा. आणखी दीडशे वर्षं मागं.

१७७१. दिवा मिणमिणता, समोर मोडीतला कागद. आधी आडवी रेघ ओढलेली आणि तिला लटकलेली अक्षरं, शब्द कुठं सुटतो ते कळू नये अशी. गावची जमीन, कुणाकडं किती, धारा किती. अशा जुन्या कागदांवरून मॅननी हिशेब मांडला : १७७१ मध्ये सरासरी धारण ४० एकर, १८१८ मध्ये साडेसतरा, पुढच्या काही वर्षांत १४, आणि १९१५ च्या सुमारास ७. म्हाताऱ्याचं म्हणणं खरं निघालं. पण ते खरं आहे हे सिद्ध करायला मेलेल्या कारकुनाचे कागद लागले.

दुय्यम सामग्री म्हणतात ती हीच. दुय्यम या शब्दानं तिचा थोडा अपमानच होतो. तिच्याशी वागायची एक रीत मात्र आहे : कागदाला आधी विचारायचं, बाबा रे, तुला कुणी लिहिलं आणि कशासाठी? हा वसुलीसाठी लिहिलेला कागद. ज्याच्याकडून पैसा यायचा त्याचं नाव त्यात आहे. सालगडी नाही, खुरपणारी बाई नाही, गावकुसाबाहेरचं जे साऱ्यात मोजायचं नाही ते नाही. वाचून झाला की उलटा करून पाठीवर बघा. जमिनीची खडान्‌खडा माहिती ठेवणारं दप्तर माणसांबाबत गप्प आहे.

तिथून परत फिरताना एक शंका तुमच्याही मनात आली असेल. एका गावावरून साऱ्या दख्खनचं सांगायचं कसं? मॅनना ती होतीच. पिंपळे सौदागर पुण्याच्या फार जवळ. म्हणून त्यांनी शिरूर तालुक्यातलं जातेगाव बुद्रुक घेतलं, कोरडवाहू, शहरापासून लांब. १९२१ मध्ये तोही अभ्यास छापून आला. तिथं न भागणारी कुटुंबं शेकडा ८५ च्या घरात.

दोन गावं झाली. तिसरं, चौथं? सगळी गावं बघायला आयुष्य पुरणार नाही. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात, आणि नमुना-पाहणीचं अख्खं शास्त्र या एका म्हणीत बसतं, एवढंच की भात एकाच पातेल्यातला आणि सारखा शिजलेला हवा. १९३६ च्या पुण्यात या. धनंजयराव गाडगीळांनी सहा वर्षांपूर्वी सुरू झालेल्या गोखले संस्थेतून सबंध शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी काढलीय. पुणे म्हणजे एकसारखा शिजलेला भात नव्हे. सदाशिव पेठेतलं शीत चेपून भवानी पेठेचं सांगता येत नाही. शितं प्रत्येक थरातून, आणि आपल्या आवडीनिवडीला वाव न ठेवता काढावी लागतात. ओळखीचं घर, चहा देणारं घर, तळमजल्यावरचं घर, असा मोह कुणालाही होतो. (तुमच्या चाळीस फॉर्मांतले किती लिफ्ट असलेल्या इमारतींतले आहेत?)

तुम्ही एका वाड्याच्या चौकात उभे आहात. थोरला भाऊ म्हणतो, ‘‘आमचं एकत्र कुटुंब. लिहा, अकरा माणसं.’’ मागच्या खोलीतून धाकट्याची बायको पाण्याला येते आणि हळूच सांगते, ‘‘चूल आमची वेगळी आहे हो, संक्रांतीपासून.’’ आता कुटुंब एक की दोन? वाडा एक, देव एक, चुली दोन. जनगणना चुलीवर जाते, जिथं अन्न एकत्र शिजतं ते कुटुंब. थोरल्याची व्याख्या अब्रूवर जाते. तुम्ही कुठलीही घ्या, पण ती पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत तीच ठेवा, आणि अहवालात लिहून ठेवा, म्हणजे पुढच्याला तुमच्याशी भांडता येईल. गाडगीळांच्या पाहणीचे दोन भाग १९४५ आणि १९५२ मध्ये छापून आले, आणि १९५४ मध्ये संस्थेनं रोजगार आणि कमाईची फेरपाहणीही केली. एकाच शहराला पुन्हा जाऊन तेच विचारायचं, हे काम कंटाळवाणं असतं. म्हणूनच फार थोडे लोक ते करतात.

एवढं फिरल्यावर तुम्ही दमलात. फॉर्म, दप्तर, नमुना, सगळं पिशवीत टाका आणि चालायला लागा. आता वहीसुद्धा बाहेर काढायची नाही.

साल विचारू नका, वारीत तिथी विचारतात. टाळ वाजताहेत, पुढं-मागं धुळीचे लोट, आणि दिंडीत तुमच्या थोडं पुढं एक उंच, धिप्पाड बाई चाललीय. इरावती कर्वे. घुर्यांची विद्यार्थिनी. बर्लिनला जाऊन माणसांच्या कवट्या मोजून डॉक्टरेट मिळवलेली. तिथल्या गुरूंना कवटीच्या आकारात वंशाचा फरक दिसायला हवा होता. मोजमापांतून तो दिसेना, आणि तिनं तो आहे असं लिहिलं नाही. परत आल्यावरही तिनं कंपास घेऊन माणसं मोजली, नातेसंबंधांचे तक्ते केले, गावोगाव हिंडली. आज ती नुसती चालतेय. पुस्तकात याला सहभागी निरीक्षण म्हणतात. यात प्रश्न आधी ठरवून न्यायचे नसतात, सोबत राहिलं की ते सापडतात.

दिवसभर सगळे एका तालात चालले. एकच अभंग, एकच माउली. मुक्कामाला पोचल्यावर मात्र ब्राह्मणांच्या पंगती वेगळ्या, मराठ्यांच्या वेगळ्या. कुणी काही बोलत नाही, प्रत्येकाला आपली जागा माहीत आहे. प्रश्नावलीत ‘तुम्ही जातिभेद पाळता का’ असं विचारलं असतंत, तर यातल्या प्रत्येकानं ‘छे, पांडुरंगापुढं कसली जात’ असं मनापासून सांगितलं असतं. ते खोटंही नसतं. पंगत दिसायला भूक लागेपर्यंत सोबत चालावं लागतं.

इरावतीबाई मराठा बायकांत जाऊन जेवतात. दुसऱ्या दिवशी त्या बायका त्यांच्या शेजारून चालू लागतात, हात धरतात, ताई म्हणतात, पुण्याला तुमच्याकडं येऊ म्हणतात. मग त्यांच्यातली एक तरुण पोर विचारते, की तिथंही आमच्याशी असंच वागाल का? बाईंनी हा प्रसंग स्वतःच लिहून ठेवलाय. मराठीत त्या लेखाचं नाव ‘वाटचाल’. इंग्रजीतून तो १९६२ मध्ये आला. अभ्यासिकेनं अभ्यासविषयाला प्रश्न विचारायचे, हा शिरस्ता त्या पोरीनं एका वाक्यात उलटा केला. तो प्रश्न खोलवर लागला हे त्यांनी झाकून ठेवलं नाही. असं लिहिण्याला अशास्त्रीय म्हणणारे विद्वान आहेत. मला तो लेख कित्येक तक्त्यांपेक्षा काटेकोर वाटतो, कारण विचारणारी कोण होती, हे त्यात लपवलेलं नाही.

चला परत. नदी तशीच ठेवा. रस्ता घाला, पार्किंग घाला, एकेक मजला चढवा. आठव्या मजल्यावर तुम्ही अजून दारातच उभे आहात, फॉर्मवर ‘गृहिणी’ची खूण ओली आहे. पाढा सतरा दाहे सत्तरशेपर्यंत आलाय.

‘‘काकूंशी दोन मिनिटं बोलू का?’’

काकू येतात, हात पुसत. आता ‘तुम्ही काय करता’ असं विचारू नका, त्याचं उत्तर त्यांच्याही तोंडात तयार आहे, आणि ते मुलापेक्षा वेगळं नसेल. विचारा, काल पहाटे चार वाजल्यापासून आज पहाटे चारपर्यंत काय काय केलंत? अर्ध्या अर्ध्या तासानं सांगा. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं २०१९ मध्ये देशभर नेमकं असंच विचारलं, वेळवापर पाहणी म्हणून. ज्या बाया घरकाम करत होत्या त्यांचा रोजचा बिनपगारी घरकामाचा वेळ सरासरी २९९ मिनिटं निघाला, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७. ‘काही नाही’चे जवळजवळ पाच तास.

काकू सांगू लागतात. साडेपाचला उठले, डबे, सासूबाईंचं औषध, मग पहिली बॅच. मध्येच थांबतात. ‘‘शिकवणीचं लिहू नका बरं. सोसायटीत चालत नाही.’’ आणि जरा वेळानं, ‘‘हे तुम्हाला हवंय कशाला? माझं नाव कुठं येणार?’’ तिथं वही मिटा आणि आधी त्यांच्या प्रश्नाचं नीट उत्तर द्या. नाव येणार नाही असा शब्द देत असाल तर तो पाळा.

खाली काका रजिस्टर पुढे करतात. ‘बाहेर’च्या रकान्यात तुम्ही वेळ टाकता. आत गेल्याला पाऊण तास झालाय, आणि फॉर्म भरून झालाय एकच.

आणि वाचणाऱ्या तुम्हालाही एक विनंती. पुढच्या खेपेला तुमच्या दारात कुणी असा कागद घेऊन उभं राहिलं, तर आईला हाक मारा. तिचा रकाना तुम्ही भरू नका.